न्यायालयाची पायरी आणि आमची सीमा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्याने रूढ केली त्याच्या वाट्याला तारखांचे हेलपाटे पुष्कळ आले असले पाहिजेत. म्हणीतला शहाणा हा अर्थात एकटादुकटा माणूस आहे. शेताच्या बांधावरून किंवा वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून भांडणारा. परंतु एखादे राज्यच जेव्हा ही पायरी चढते आणि लक्षावधी माणसे पायरीखाली ताटकळत उभी राहतात, तेव्हा शहाणपणाचा हिशेब निराळ्या रीतीने मांडावा लागतो. महाराष्ट्र शासनाने सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तेव्हापासून आम्हा बेळगावकरांच्या बोलण्यात ‘निकाल’ हा शब्द इतक्या वेळा आला आहे की, आमच्या घरांतील मुले शाळेच्या निकालाआधी या निकालाविषयी ऐकत मोठी झाली.

राज्यकारभारात न्यायसंस्थेचे स्थान कोणते, हा प्रश्न इतरत्र नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतो. आमच्याकडे तो वाचनालयाच्या बाकावर आणि लग्नाच्या पंगतीतही निघतो. न्यायालयाने काय करावे, याविषयी प्रत्येकाचे मत ठरलेले असते. न्यायालयाला काय करता येते आणि काय करता येत नाही, याची चर्चा मात्र क्वचित होते. ही दुसरी चर्चा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विधिमंडळाने कायदा करावा, मंत्रिमंडळाने तो अमलात आणावा आणि न्यायालयाने त्याचा अर्थ लावावा, ही विभागणी सर्वांना पाठ असते. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा लक्षात राहत नाही. कायदा करणाऱ्यांच्या हाती तिजोरी असते, अंमल करणाऱ्यांच्या हाती पोलीस असतात. न्यायालयाच्या हाती फक्त शब्द असतो. देशातील सर्व मुलकी व न्यायिक अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य केले पाहिजे, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४४ मध्ये लिहिलेले आहे. ते लिहावे लागले यातच या संस्थेचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही आल्या. तिचा शब्द सर्वांना बांधतो. पण तो दुसऱ्याच्या हातांनी अमलात येतो.

मराठी माणसाला हे कळण्यासाठी घटनेपर्यंत जाण्याची गरज नाही. न्यायाधीश म्हटले की आपल्याला रामशास्त्री प्रभुणे आठवतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि बहुधा तेथेच थांबतो. पुढे काय झाले? रघुनाथरावांनी प्रायश्चित्त घेतले नाही. शास्त्रीबुवांनी पुणे सोडले आणि दोषी ठरलेला माणूस पेशवेपदावर राहिला. त्याला त्या पदावरून दूर केले ते बारभाईंच्या राजकारणाने, १७७४ मध्ये. नाना फडणीस, सखारामबापू आणि त्यांचे सहकारी एकत्र आले नसते, तर रामशास्त्र्यांचा निर्णय नीतिकथा म्हणून उरला असता. अर्थात याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तो निर्णय उच्चारला गेला नसता तर बारभाईंचे कारस्थान हे निव्वळ कारस्थानच ठरले असते. न्यायाधीशाने राजकारणाला नैतिक पाया दिला, राजकारणाने न्यायाला हातपाय दिले. दोघांपैकी एकाने दुसऱ्याचे काम आपल्यावर घेतले नाही. ही गोष्ट मनात ठेवून आता सीमाप्रश्नाकडे पाहू.

आमची सीमा न्यायालयाने आखलेली नाही. ती संसदेने आखली. राज्य पुनर्रचना कायदा १९५६ साली झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यातील विजापूर, धारवाड, कारवार आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. संसदेला हा अधिकार अनुच्छेद ३ ने दिला आहे. नवे राज्य निर्माण करणे, राज्याचे क्षेत्र वाढवणे वा घटवणे, सीमा बदलणे, नाव बदलणे, हे सारे संसद साध्या बहुमताने करू शकते. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत राष्ट्रपतींनी मागवावे लागते. ते मान्य करण्याचे बंधन कोणावर नसते.

हे बंधन किती सैल आहे, याची कसोटी त्याच कायद्यावरून लागली आणि ती लावणारे मराठीच होते. मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक सुचवले होते. संसदेने ऐन वेळी ते बदलून द्वैभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. या बदललेल्या योजनेवर मुंबई विधिमंडळाचे मत घेतलेच नाही, म्हणून कायदा अवैध ठरवावा, असे बाबूलाल पराते यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ते फेटाळले. मत एकदा मागवले की घटनेची अट पूर्ण होते; नंतर विधेयकात दुरुस्ती झाली म्हणून ते पुन्हा मागवण्याची गरज नाही, असा त्या निर्णयाचा आशय. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. न्यायालयाने द्वैभाषिकाला धक्का लावला नाही आणि तरीही अवघ्या काही महिन्यांत, १ मे १९६० रोजी, द्वैभाषिक संपले. ते लोकांनी, निवडणुकांनी आणि शेवटी संसदेने संपवले. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, पण तो कोर्टातून मिळाला नाही, हे सीमाभागात विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या प्रश्नात न्यायमूर्ती मात्र आरंभापासून आहेत. राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष फाजल अली हे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. १९६६ साली ज्यांच्या नावाचा एकसदस्य आयोग नेमला गेला ते मेहरचंद महाजन हे तर माजी सरन्यायाधीश. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे, असे त्यात म्हटले होते. कर्नाटकाने तो अहवाल प्रमाण मानला, महाराष्ट्राने नाकारला. तेव्हापासून एक युक्तिवाद आम्ही वारंवार ऐकतो : ‘निवृत्त सरन्यायाधीशांनीच निर्णय दिला, मग आता तक्रार कसली?’ या युक्तिवादात एक घोटाळा आहे. न्यायमूर्ती बसले म्हणून खोलीचे न्यायालय होत नाही. आयोग शिफारस करतो. शिफारशीला हुकूमनाम्याचे बळ नसते, ती स्वीकारणे किंवा न स्वीकारणे हे संसदेचे व शासनांचे काम. दोन्ही सरकारांनी एका न्यायमूर्तीची प्रतिष्ठा उसनी घेऊन राजकीय निर्णयाची जबाबदारी टाळू पाहिली आणि ती प्रतिष्ठा वादात ओढली गेली, एवढेच त्यातून साधले.

महाराष्ट्राची मागणी ज्या तत्त्वावर उभी आहे ते तत्त्वही राजकीय वाटाघाटींतूनच आले. खेडे हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता, असे ते सूत्र. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमावाद सोडवताना हरि विनायक पाटसकर यांनी ते वापरले आणि त्यावर आधारलेला सीमाबदलाचा कायदा संसदेने १९५९ मध्ये केला. मध्यस्थाने सूत्र दिले, दोन्ही राज्यांनी ते मानले, संसदेने शिक्कामोर्तब केले. पाटसकर हे पुढे काही वर्षे मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते, ही गोष्ट इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना ठाऊक असेल. तेलुगू आणि तमिळ भाषकांच्या प्रश्नाची वाट ज्या मराठी माणसाने मोकळी केली, त्याच्याच सूत्रासाठी मराठी भाषकांना कोर्टात जावे लागले, हा योगायोग चमत्कारिकच म्हणायचा.

आता २००४ च्या दाव्याकडे येऊ. हा दावा अनुच्छेद १३१ खालचा. राज्याराज्यांतील किंवा केंद्र व राज्य यांच्यातील कायदेशीर हक्कांचे वाद थेट सर्वोच्च न्यायालयात, इतर सर्व न्यायालये वगळून, चालवण्याची ही तरतूद आहे. बेळगाव, कारवार, निपाणी ही शहरे आणि ८१४ गावे महाराष्ट्राला मिळावीत, ही मागणी. राज्य पुनर्रचना करताना समान तत्त्व लावले गेले नाही, ही तक्रार. यावर कर्नाटकाचा पहिला आक्षेप अधिकारक्षेत्राचा आहे : सीमा ठरवणे हे अनुच्छेद ३ प्रमाणे केवळ संसदेचे काम, न्यायालय त्यात पडू शकत नाही. हा आक्षेप आमच्या मनाला रुचणारा नसला, तरी तो पोकळ नाही. बाबूलाल पराते प्रकरणातील निर्णय त्याच्या पाठीशी उभा आहे. त्याला महाराष्ट्राकडून उत्तरही आहे : संसदेचा अधिकार कितीही विस्तृत असला तरी तो मनमानीचा परवाना नव्हे, घटनेतील समानतेची हमी संसदेच्या कायद्यालाही लागू आहे आणि ती पाळली गेली की नाही हे तपासणे न्यायालयाचेच काम. दोन्ही म्हणणी मांडली गेली. २०१४ मध्ये साक्षीपुरावे नोंदवण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरिन यांची आयुक्त म्हणून नेमणूक झाली. दाव्याला दोन दशके उलटून गेली. अंतिम निकाल आलेला नाही.

या दाव्याचे एक वैशिष्ट्य आम्हाला फार अस्वस्थ करते. अनुच्छेद १३१ खाली पक्षकार फक्त सरकारे असतात. वादी महाराष्ट्र, प्रतिवादी भारत सरकार आणि कर्नाटक. ज्यांच्या गावांविषयी हा दावा आहे ते त्यात वादीही नाहीत आणि प्रतिवादीही नाहीत. ज्या सरकारला आम्ही मत देत नाही ते आमच्या वतीने बोलते. ज्याला मत देतो ते आमच्या विरुद्ध उभे राहते. जुन्या मराठी व्यवहारात शिवेचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांचे जाणते असे सारे बसत. गावाची शीव कोठून जाते याविषयी महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. निर्णयाचा महजर लिहिला जाई आणि त्याखाली पाटलाच्या नांगरापासून प्रत्येकाची निशाणी पडे. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जातीची उतरंड तिच्यात होती, आणि साक्षीपुराव्याने निकाल लागला नाही तर तापल्या लोखंडाचे दिव्य करण्यापर्यंत मजल जाई. परंतु ज्याच्या पायाखालची शीव बदलणार त्याची निशाणी कागदावर असावी, एवढा एक विवेक तीत होता. आजच्या व्यवस्थेत ती निशाणी उमटण्याची जागा न्यायालय नव्हे. ती जागा मतपेटी आणि विधिमंडळ आहे. तेथे मात्र आमच्या प्रश्नाला एकच उत्तर मिळते : ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’

हा ‘न्यायप्रविष्ट’ शब्द मोठा सोयीचा आहे. न्यायालयात चालू असलेल्या विषयावर बाहेर भाष्य करून निर्णयावर दडपण आणू नये, हा त्यामागचा मूळ संकेत. पण न्यायालयात दावा चालू असताना पक्षकारांनी तडजोड करू नये, असे कोणताच कायदा सांगत नाही. उलट प्रत्येक दिवाणी न्यायाधीश तडजोडीला उत्तेजनच देतो. तरीही या शब्दाने दोन्ही राजधान्यांना आणि दिल्लीला एक छत्री दिली आहे. तिच्याखाली उभे राहिले की पाऊस अंगावर येत नाही.

बाहेर मात्र दरम्यान सर्व काही बदलत राहते. २००६ पासून कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरू लागले. २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले. कोर्टाची तारीख पुढे जाते तेव्हा सारे जैसे थे राहते असे म्हणतात. वस्तुतः ‘जैसे थे’ नावाची स्थिती फक्त कागदावर असते. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याच्या बाजूने काळ रोज थोडाथोडा निकाल देत असतो. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत एकत्र बसवले. न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत कोणी कोणावर दावा सांगू नये आणि प्रत्येकी तीन मंत्र्यांनी एकत्र बसून बोलावे, असे ठरले. त्याच महिन्यात, आठवड्याच्या आत, दोन्ही विधिमंडळांनी एकमताने परस्परविरोधी ठराव केले. एक इंचही देणार नाही, असे एकाने म्हटले. इंच न् इंच घेऊ, असे दुसऱ्याने. एकमताने केलेल्या ठरावांइतके मतभेद क्वचितच कोठे दिसतील.

न्यायालयाला दोष देऊन हा विषय संपवता येत नाही. गावागावांचा भाषिक इतिहास, शिरगणतीचे आकडे, बाजारपेठा, नद्या, १९५६ चे निर्णय आणि त्यानंतरच्या वसाहती, हे सारे साक्षीपुराव्याने सिद्ध करून एका हुकुमात बसवणे हे काम न्यायालयाच्या प्रकृतीला मानवणारे नाही. घटनाकारांनाही काही वादांची ही अडचण दिसली होती. आंतरराज्य नद्यांच्या पाण्याचे तंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा अनुच्छेद २६२ ने संसदेला दिली आणि त्यासाठी लवाद आले. आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईविषयी २०१८ मध्ये असाच लवादाचा निवाडा झाला. गोव्याच्या वाचकांना त्याचे सर्व कंगोरे पाठ असतील. सीमेच्या वादासाठी अशी स्वतंत्र यंत्रणा नाही. संसद आहे आणि न्यायालय आहे. संसद हलत नाही म्हणून लोक न्यायालयाकडे पाहतात आणि न्यायालयासमोर आहे म्हणून संसद हलत नाही.

हे वर्तुळ आमच्याच नशिबी आहे असे नव्हे. आसामने नागालँडविरुद्ध असाच दावा १९८८ मध्ये दाखल केला. न्यायालयाने मधल्या काळात निवृत्त न्यायमूर्तींचा स्थानिक आयोगही नेमला, तरी वाद मिटला नाही. मात्र त्याच आसामने मेघालयाबरोबर बारांपैकी सहा ठिकाणांचा वाद मार्च २०२२ मध्ये करार करून सोडवला आणि अरुणाचल प्रदेशाबरोबर एप्रिल २०२३ मध्ये करार केला. त्या करारांवरही गावोगाव नाराजी उमटली. सर्वांना संतोष देणारी सीमारेषा अजून कोणी काढलेली नाही. पण मंत्री गावांत गेले, लोकांशी बोलले, काही दिले आणि काही घेतले. न्यायालयाला देण्याघेण्याचा हा अधिकार नसतो. त्याला फक्त हक्क कोणाचा एवढेच सांगता येते.

मग न्यायालयाकडून आम्ही काहीच अपेक्षा करू नये काय? येथे आम्हाला दुसऱ्या एका दाराची आठवण करून द्यायची आहे. ते दार राज्यांसाठी नाही, माणसांसाठी आहे. मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद ३२ ला डॉ. आंबेडकरांनी घटनेचे हृदय आणि आत्मा मानले होते; उच्च न्यायालयात जाण्यासाठी अनुच्छेद २२६ आहे. या दाराने सीमाभागाला काय दिले, हे पुरेसे सांगितले गेलेले नाही.

गोकाक समितीच्या अहवालानंतर कर्नाटक शासनाने १९८२ मध्ये माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा करण्याचा आदेश काढला. कन्नड सक्तीविरुद्ध सीमाभाग पेटला. १९८६ च्या जूनमध्ये आंदोलकांवर गोळीबार झाला, माणसे गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आम्ही दरवर्षी डोके टेकवतो. पण आणखी एक घटना त्याच साखळीतली आहे आणि तिचे स्मारक कोठेही नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या एका समितीने या धोरणाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली होती. जानेवारी १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो आदेश घटनाविरोधी ठरवला. निर्णय बंगळूरमध्ये झाला. राज्यातील मुलांना कन्नड शिकवण्याचा शासनाचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. अल्पसंख्याकांच्या भाषेला बाजूला सारून ती शिकवण्याची रीत नाकारली. त्यानंतर शासनाने धोरण बदलले, पहिली ते चौथी मातृभाषेतून शिक्षणाची सोय राखली आणि ते सुधारित धोरण सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये वैध ठरवले. या खटल्यात पक्षकार माणसे होती, प्रश्न एका आदेशाचा होता, मोजपट्टी घटनेची होती. न्यायसंस्था आपले काम करते ते असे : ती राज्य चालवत नाही, राज्य चालवणाऱ्याला तुझी रेषा येथे संपते, असे सांगते. सीमाभागातील सर्वांत उपयोगी रेषा कदाचित हीच असेल.

पण न्यायालयाची रेषा दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते आणि हे पचवणे कठीण असते. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की, भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचे. म्हणजे बेळगावात ज्या गल्लीत सगळी घरे मराठी आहेत तेथेही आम्ही कायद्याने अल्पसंख्याक. आणि सीमा उद्या सरकली तर आमचा कन्नड शेजारी त्याच गल्लीत अल्पसंख्याक होईल. त्याने तेव्हा आमच्याकडे काय मागितलेले आम्हाला चालेल? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ज्या वर्षी सीमेचा दावा दाखल झाला त्याच वर्षी, २००४ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात दिले आहे. महाराष्ट्र शासनाने शाळांत मराठी सक्तीची केली होती. गुजराती भाषकांच्या शाळांनी त्याला हरकत घेतली. भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा जपण्याचा हक्क आहे, पण ज्या राज्यात राहायचे त्या राज्याची भाषा न शिकण्याचा हक्क नाही, असे सांगून न्यायालयाने महाराष्ट्राची बाजू उचलून धरली. मुंबईत जो युक्तिवाद आम्हाला गोड लागतो, तोच बेळगावात कन्नडसाठी केला की कडू लागतो. न्यायालयाची चव बदलत नाही. तिला चवच नसते. न्यायालयाकडे एखादे तत्त्व मागायचे असेल, तर ते आपल्यालाही लागू होईल याची तयारी ठेवूनच मागावे.

या दाराची आणखी एक मर्यादा २०१४ मध्ये स्पष्ट झाली. प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम शासन लादू शकत नाही, मुलाची भाषा आणि माध्यम ठरवण्याचा अधिकार पालकांचा, असा निर्णय पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दिला. वाद कर्नाटकाच्याच धोरणाचा होता. या निर्णयाने मराठी माध्यम निवडण्याचे आमचे स्वातंत्र्य पक्के केले आणि ते न निवडण्याचेही. त्या स्वातंत्र्याचा उपयोग आम्ही कसा करतो, हे सीमाभागातील इंग्रजी शाळांच्या फाटकासमोर सकाळी आठ वाजता उभे राहिले की दिसते. शाळेचे दार उघडे ठेवणे न्यायालयाच्या हाती आहे. वर्ग भरणे त्याच्या हाती नाही. इंदूरची महाराष्ट्र साहित्य सभा, बडोद्याची मराठी वाङ्मय परिषद, हैदराबादची मराठी साहित्य परिषद या संस्थांपुढे सीमेचा प्रश्न कधी नव्हता आणि कोणत्या हुकूमनाम्याचे पाठबळही नव्हते. तेथील मराठी टिकली ती तेथील माणसांच्या नित्याच्या खटपटीने. सीमाभागाला त्यांच्याकडून हे शिकण्यासारखे आहे. त्यांनी मात्र आमच्या प्रश्नाकडे भावनेचा प्रश्न म्हणून पाहू नये, कारण आमच्याकडे सातबाऱ्याचा उतारा आणि शाळेचा दाखला कोणत्या भाषेत मिळतो यावर रोजचे जगणे अवलंबून असते.

तेव्हा न्यायालयाचा निकाल कोणत्या बाजूने लागेल, याचे भविष्य वर्तवण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. दावा मागे घ्यावा, असेही आमचे म्हणणे नाही. संसदेने न्याय्य तत्त्व सोडले काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर अधिकारवाणीने देणारी दुसरी जागा या देशात नाही. परंतु ते उत्तर महाराष्ट्राच्या बाजूने आले, तरी नवी सीमा संसदेच्या कायद्यानेच प्रत्यक्षात येईल आणि तिला दोन्ही राज्यांची मने तयार करावी लागतील. रामशास्त्र्यांचा शब्द आला तरी बारभाईंचे काम उरतेच. ते काम करणाऱ्यांनी आज न्यायप्रविष्टतेच्या छत्रीखाली बसून राहू नये, ही मागणी प्रत्येक निवडणुकीत, दोन्ही राज्यांत, झाली पाहिजे.

आणि निकाल येईपर्यंतचे दिवस हे केवळ वाट पाहण्याचे दिवस नव्हेत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे अनुच्छेद ३५० क सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असावा, असे ३५० ख सांगतो. हे दोन्ही १९५६ मध्ये, राज्य पुनर्रचनेबरोबरच, घटनेत आले. ज्या वर्षाने आम्हाला सीमेपलीकडे टाकले त्याच वर्षाने ही दोन कलमे आमच्या हाती दिली. बंद पडलेला एक मराठी वर्ग, मराठीत न मिळालेले एक परिपत्रक, रिकामी राहिलेली मराठी शिक्षकाची एक जागा, या लहान गोष्टी घेऊन उच्च न्यायालयाची पायरी चढायला महाराष्ट्र शासनाची गरज नाही. गावातली चार माणसे आणि एक कळकळीचा वकील पुरतो. ही पायरी शहाण्याने जरूर चढावी, आणि खाली उतरल्यावर आपले मूल मराठी शाळेत घालावे.